संपलं की सांगा

आरं थांब, चहा राहू दे, आधी ऐक! आत्ता मायचा फोन आलता. काय म्हणली असंल? म्हणली, "बाळा, तेल संपलंय." संपलंय! पाच लिटरचा डबा! मी गावाकडनं येऊन अजून बॅगेतले कपडे धुतले नाहीत, आणि एकटी बाई, दोन भाकरी आणि वाटीभर कोरड्यास करून खाणारी, तिला पाच लिटर तेल पुरत नाही? तेल तरी कुठलं? सरकीचं असतं तर म्हणलं असतं सांडलं असंल. ऑलिव्हचं! ते कुणी सांडतं का? ते थेंब थेंब, देवाला अत्तर लावल्यासारखं वापरायचं असतं... आणि ही म्हणती संपलंय!

तुला सांगतो, ह्या तेलानं माझी दोन वर्षं खाल्लीत.

आप्पा, माझे वडील रे, राधाकिशन, त्यांची हयात सोसायटीच्या तेल गिरणीत गेली. आमच्या युसूफ वडगावात शेतकऱ्यांनी मिळून काढलेली गिरणी. आजूबाजूच्या गावांची करडी तिथं यायची आणि आप्पा मशीनवर. घरी आले की अंगाला असा वास यायचा, म्हणजे मी लहानपणी बापाला डोळे झाकून ओळखायचो! मग दुष्काळ पडला. एक रब्बी गेली, दुसरी गेली, रानात ओलच नाही तर करडी कशात पेरणार, आणि करडी नाही तर गिरणी काय वाळू पिळणार? बंद. आता गिरणीच्या आवारात पाण्याचा टँकर उभा राहतो. गिरणी बंद, पण चेअरमन चालू आहेत बरं का! सुंदरराव. अजून कडक इस्त्री.

तर दोन वर्षांखाली आप्पांच्या छातीत दुखलं. लातूरला नेलं, स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणला, "तेल कमी करा." आता मी पुण्यात राहतो, मोबाईलवर दिवसभर कायकाय वाचतो, मला शहाणपण उतू चाललेलं. डॉक्टर म्हणला कमी करा, मी ऐकलं बदला!

गेलो मॉलमधी. तिथं अख्खी भिंत तेलाची! एक्स्ट्रा व्हर्जिन, नुसतं व्हर्जिन, प्युअर, लाईट, पोमेस... आरं, तेल आहे का खानदान आहे? एक पोरगी आली गोड आवाजात, "सर, रोजच्या कुकिंगसाठी हवंय की ड्रेसिंगसाठी?" म्हणलं, बापाच्या छातीत स्टेंट बसवलाय, त्याच्यासाठी. ती बिचारी गडबडली. पण समजावून सांगितलं हां तिनं, की फोडणीला साधं घ्या, आणि वरून कच्चं घालायला एक्स्ट्रा व्हर्जिन, गडद बाटलीतलं, तारीख बघून. वरून कच्चं! म्हणलं, बाई, आमचे आप्पा जन्मभर हेच करत आलेत की! भाकरीवर ठेचा, ठेच्यात बोटानं खड्डा, खड्ड्यात करडीचं कच्चं तेल. ड्रेसिंग आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालू आहे, फक्त नाव माहीत नव्हतं!

घेऊन गेलो. आप्पांनी बाटली उजेडात धरली, फिरवली, हुंगली.

"कुटलं हाय हे?"

"स्पेनचं, आप्पा."

"तिकडं पाऊस बरा हाय का?"

म्हणलं असंल.

"गिरणी कुनाची? सोसायटीची का सावकाराची?"

म्हणलं तिकडं बी सोसायट्या आहेत शेतकऱ्यांच्या.

"चालू हायत?"

"चालू आहेत, आप्पा."

बाटली पुन्हा एकदा उजेडात धरली. मग म्हणले, "चेअरमन चांगला असंल."

आणि जेवायला बसले. ठेच्यात खड्डा केला, मी माझ्या हातानं तेल वतलं. घास घेतला, डोळे मिटले, गिळला, आणि मान अशी झटकली, बैलाच्या कानात गोमाशी गेल्यावर झटकतो ना, तशी! म्हणले, "भारी हाय." मला कुठं कळतंय? मी खुश! घरातलं करडीचं होतं नव्हतं ते शेजारच्या छबुबाईला देऊन टाकलं आणि निघताना म्हणलं, "संपलं की सांगा, आप्पा. मी घेऊन येतो."

संपलं की सांगा! कुठनं सुचलं मला...

पंधरा दिवसांत फोन. "तेल संपलंय रे." गेलो घेऊन. पुन्हा फोन, पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. म्हणलं, "आप्पा, हे पाण्यासारखं वतायचं तेल नाही! हार्टचे पेशंट तुम्ही, एवढं तेल जातंय कुठं? पिता का काय?" तिकडनं आवाज बारीक, "वापरतो की. तूच म्हनलास ना, घेत जा." इकडं मॅनेजर सुट्टी देताना असं तोंड करायचा, जसं काय किडनी मागतोय. तवा मी लई हुशारी केली. पाच लिटरचा डबा घेतला, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात दिला, म्हणलं, आमच्या तालुक्याला, केजला उतरवा. आप्पांना फोन केला, "आता दोन-तीन महिने बिनघोर! मी यायची गरजच नाही!"

आप्पा म्हणले, "बरं."

मग तसंच चालू झालं. डबा ड्रायव्हर न्यायचा आणि मी फोन करायचो. फोन म्हणजे काय... "तेल घेता ना?" "घेतो." "पथ्य?" "हाय." "ठेवू?" "ठेव." आणि शेवटी माझं ठरलेलं, "संपलं की सांगा."

मागच्या महिन्यात संपलं ते तेल नाही संपलं रे. गहिनीनाथ काकांचा फोन आला. मी पोचेस्तोवर आप्पांना अंगणात आणून ठेवलतं.

...

दहाव्याला नदीवर गेलो. नदी म्हणायची, पाणी कुठं? नुसती वाळू. गिरणीतल्या टँकरचं पाणी ड्रमात भरून नेलं, बापाच्या दहाव्याला विकतचं पाणी! मायनं वडे तळले ते बी ऑलिव्हच्या तेलात, घरात दुसरं तेलच नाही ना, मीच बंदी घातलेली! पिंड ठेवले, शेजारी पान वाढलं, सगळे मागं सरकले. बाभळीवर कावळा बसलेला. बघतोय, मान वाकडी करतोय, पण खाली येईल तर शपथ!

ऊन तापलं. लोक कुजबुजायले. काका पुढं झाले, हात जोडले, "दादा, पोराचं लगीन मी लावतो, काळजी करू नगा!" कावळा ढिम्म. मग सुंदरराव उठले. इस्त्री सावरली, घसा साफ केला, आरं, तिथं बी भाषण! "राधाकिशन, सोसायटीचा चेअरमन या नात्यानं शब्द देतो, गिरणी पुढल्या हंगामात चालू करू!" खरं सांगतो, होता तो कावळा पार पलीकडच्या लिंबावर जाऊन बसला!

मला वाटलं, तेल! तेलानंच अडलंय. जन्मभर करडी खाल्लेला माणूस, त्याला मी हे पाजत राहिलो, त्याचा जीव त्या तेलात अडकलाय. पोरं पळवली गावात. छबुबाईकडं बरणीच्या तळाला राहिलं होतं करडीचं, ते आणलं, पानावर वतलं. वास आला... आप्पांचा वास. पण कावळा? नाही आला. करडीला पण नाही!

तवा इलियासचाचा बाजूला आले. गिरणीत आप्पांच्या जोडीला मेकॅनिक होते, चाळीस वर्षांची दोस्ती. मला हाताला धरून कडंला नेलं, म्हणले, "बेटा, तेलाचं न्हाई हे. तुला एक सांगू का? तुझं ते जैतूनचं तेल, आमच्या घरी रहेमतबीचे गुडघे दोन साल त्याच्यावर चालू हायत. माझ्या सायकलची चेन, मारुतीचा दिवा, बैलाची शिंगं, तुमच्या दाराच्या कड्या, समद्याला तेच तेल. बाटली घेऊन यायचा अन् म्हनायचा, इलियास, धर, वत कुटं तरी, लवकर संपव."

म्हणलं, "कावून, चाचा? आवडत नव्हतं तर सांगायचं ना!"

चाचा म्हणले, "संपल्याबिगर तू येत नव्हता ना रे."

आणि मी काय केलं? पाच लिटरचा डबा धाडला! किती जिरवणार म्हातारा माणूस? किती शिंगांना लावणार?

गेलो तसाच पानासमोर. सगळे बघायलेत, मला कशाचं भान? म्हणलं, "आप्पा, मायचं तेल मी घेऊन येईन. मी स्वतः. ड्रायव्हर नाही, कुरियर नाही. संपलं की... न्हाई, संपायच्या आधी येईन."

कावळा आला. खरंच आला! इकडं तिकडं बघितलं, ऑलिव्हमधला वडा उचलला, एक तुकडा गिळला, आणि तुला सांगतो, मान अशी झटकली... तश्शीच! बाया रडायल्या आणि मला हसू आलं, हसता हसता असा रडलो, की काकांना मला धरून बसवावं लागलं.

तेराव्याला मायला विचारलं, तुला माहीत होतं का गं? भाकरी थापत होती. म्हणली, "मला काय ठावं." थापतच राहिली. मी निघालो, पाया पडलो, बॅग उचलली, आणि सवय बघ जिभेची, दारातनं बाहेर पडता पडता म्हणलं, "माय, संपलं की सांग."

परवा आलोय रे मी. परवा! डब्याचं सील मीच तोडून दिलतं, गळ्यापर्यंत भरलेला होता. सुट्टी सगळी संपली, मॅनेजर आज सकाळीच म्हणला, आता दिवाळीपर्यंत तोंड उघडू नको. आणि आत्ता मायचा फोन, "बाळा, तेल संपलंय." मी म्हणलं, पाच लिटर, माय? कुठं गेलं? तर म्हणती, "रहेमतबीचे गुडघे लई दुखायलेत रे."

आता तूच सांग, तू काय केलं असतं?