रगत माझं, आन् खबर?

…न्हाई, मी काय म्हणतो, नेलं तर नेलं, पण सांगाल का न्हाई? तीन नळ्या भरून नेल्या, आन् वर म्हणं थँक्यू आबा. रगत कुणाचं? माझं. मग?

तुम्हाला सांगतो, डेअरीत चमचाभर दूध घेत्यात, तिथल्या तिथं फॅट सांगत्यात. रानातली माती नेली तर पालाश कमी हाय म्हणून निरोप येतो. आन् माणसाचं रगत नेऊन गप बसायचं?

पुण्याच्या संशोधनवाल्यांची पोरगी आल्ती कवठ्याला, सायली नावाची. म्हणाली, "आबा, रक्तातल्या डीएनएवर बारीक खुणा असतात, मिथायलेशन म्हणतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका त्यावरून आधी कळेल का, ते शोधतोय आम्ही." स्वादुपिंड म्हणल्यावर मला दुसरं काय आठवणार? आमचा थोरला भाऊ, तात्याबा, त्याच्यातच गेला की. पोट दुखतंय म्हणायचा, आम्ही आपलं पित्त पित्त करत सोडा पाजत बसलो… कळलं तवा डॉक्टरनं हात जोडलं. भ्या वाटतं हो, खोटं कशाला बोलू.

पण आधी मी तिलाच दरडावलं. म्हणलं, गावात कुणाला कळता कामा न्हाई, सोसायटीची निवडणूक तोंडावर हाय, समोरच्या पॅनेलचा इंद्रजीत चौकात बसून म्हणंल, "आबाचं काय खरं न्हाई आता." तर ती म्हणाली, "कुणालाच कळणार नाही. तुम्हालाही नाही. एकेकाला सांगण्याइतकं अजून पक्कं झालेलं नाही, आबा."

आता बोला. इंद्रजीतला न्हाई ते बरंच, पण मला? रगत कुणाचं? मग मी तिच्या तोंडाकडंच बघत बसलो. नळी हलवताना तिची भुवई वर गेली. का गेली? आमची धुरपदा म्हणती, "माशी बसली हुती." माशीला बरा तोच वखत सापडला.

निघताना पोरगी म्हणाली, "आबा, पाच वर्षांनी परत रक्त द्यायला या हं." पाच वर्षांनी… घरापातूर त्येच घोळवत आलो. जायचा माणूस असता तर बोलावला असता का? तिला काहीतरी ठावं हाय, सांगत न्हाई एवढंच. लई दिसांनी पोटभर जेवलो बघा. तर धुरपदा वाढता वाढता म्हणती, "अवो, त्या इंद्रजीतलाबी पाच वर्षांनीच बोलावलंय."

घ्या. म्हंजी पुढच्या निवडणुकीलाबी समोर ह्योच.