रेसिडेंट म्हणजे राहणारा

कुणीच विश्वास ठेवला नाही माझ्यावर, हे आधी लिही — मग बाकीचे प्रश्न विचार. नाही गं निधी, यादीत चूक नाही. तुझ्या यादीत ह्यांचं नाव नॉन-रेसिडेंटमध्ये आहे आणि पत्ता ह्याच घराचा आहे, दोन्ही बरोबर. आठ वर्षं ह्यांनी एल्कच्या टॅगसाठी अर्ज केला, आठही वर्षं बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांच्या सोडतीत, आणि आठही वर्षं नाव निघालं नाही. एक टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना — तुला काय सांगायचं म्हणा, तू त्यातच पीएचडी करतेस. स्टेट कॉलेज गावाहून, तुझ्या विद्यापीठातून, इतक्या लांब ड्राइव्ह करत आलीस, चहा घे. आणि काकू नको म्हणू, मावशी म्हण. काकू म्हटलं की मला ह्यांचा पुतण्या शंतनू आठवतो.

आता तू म्हणशील, मराठी माणूस, हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळणारा, ह्याला शिकारीचं खूळ कुठून? शेजारच्या वेनमुळे. सप्टेंबरात एकदा त्याने ह्यांना डोंगरात नेलं, नुसतं बघायला, आणि तिथे एल्क ओरडला — शिट्टी म्हणू, का गंजलेलं दार उघडल्यासारखं म्हणू — हे घरी येऊन तोंडाने करून दाखवायचे आणि मी म्हणायचे, पुरे, लोक पोलीस बोलावतील. भंडाऱ्याकडे लहानपणी सांबर पाहिलं होतं ह्यांनी, हा त्याचा थोरला भाऊ म्हणाले. मग काय, शिकाऱ्यांचा सेफ्टी क्लास केला, बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून, आणि पहिले आले — पोरांच्यात पहिले येऊन आठवडाभर मिरवले. धनुष्य घेतलं. मागच्या अंगणात फोमचा ठोकळा लावला, ऑफिसातून आले की बाण, बर्फात सुद्धा बाण. अख्खं जनावर आणलं की ठेवायचं कुठे, म्हणून गराजमध्ये मोठा फ्रीजर आणला. त्यात माझे मटार आहेत. आठ वर्षं मटारच आहेत.

पहिला अर्ज भरायला बसले तर पहिलाच प्रश्न — रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट. आणि आपल्या माणसाला रेसिडेंट म्हटलं की काय आठवतं? ग्रीन कार्ड. परमनंट रेसिडेंट. ते आमच्याकडे नाही, आम्ही अजून वर्क व्हिसावर, त्या रांगेत उभे. ह्यांनी लगेच पुतण्याला फोन लावला, वेस्ट विंडसरला, शंतनूला — घरात कुणाचाही कागद असो, विचारायचं त्याला. तो म्हणाला, काका, नॉन-रेसिडेंटच टिक करा, खोटं टिक करून खाली सही केलीत तर ग्रीन कार्ड विसरा. झालं. ह्या माणसाला सहीची एवढी भीती की पार्सल घेताना सुद्धा दोनदा वाचायचा. टिक केलं.

मी बोलले की. का नाही बोलणार? ख्रिसमसला शंतनू आणि त्याची बायको इशिता आले होते, सगळे जेवायला बसलेले, आणि मी म्हटलं — अहो, ते कार्ड वॉशिंग्टनवाल्यांचं, जनावर ह्या डोंगरातलं. ह्याचा त्याचा काय संबंध? रेसिडेंट म्हणजे राहणारा. आपण राहतो ना इथे? इथला बर्फ कोण उपसतो? सगळे हसले. इशिता हसली ते मी समजू शकते, नवी होती, नवरा हसला म्हणून हसली. पण हे — ह्यांनी वाटीतला रस्सा भातावर ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सरला, हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं.”

चौथीच शिकलेय मी. लपवलंय का कधी? पण पाहुण्यांसमोर.

थांब, तुझा तो प्रश्न, शंभरात नव्वद टॅग इथल्यांना आणि दहा बाहेरच्यांना, हे न्यायाचं आहे का? आहे. लिही, आहे. बाहेरचे म्हणतात जंगल सगळ्या देशाचं, मग आम्हाला का कमी — असेल जंगल देशाचं, पण जानेवारीत एल्क कुंपण मोडून गवत खातो तो वेनचं खातो. ज्याचं गवत खाल्लं त्याचं पान आधी. आणि बाहेरच्याला दहा ठेवलेत तेही बरोबर, पाहुण्याला अगदी उपाशी पाठवू नये. पण आमचे हे काय करत होते? स्वतःच्या घरात पाहुण्यांच्या पंगतीला बसून पान यायची वाट बघत होते. आणि पान कमी, पाहुणे हजार. त्यात कुणातरी खऱ्या पाहुण्याचीही जागा अडवली, ते वेगळंच.

पाच वर्षं अशी गेली. मी शाळेच्या किचनमध्ये काम करते, पोरांना लंच वाढते, तिथे माझ्या सोबत डोना म्हणून आहे, तिचा नवरा शिकारी. तिला मी सहज म्हटलं तर ती कपाळाला हात लावून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेली त्या लायसन्सच्या ऑफिसात. काउंटरवरच्या बाईने विचारलं, किती वर्षं राहता? मी म्हटलं बारा. मग मीच विचारलं, व्हिसा चालतो का? म्हणाली, चालतो, आम्ही फक्त राहणं बघतो. आणि एक कागद काढला, त्यावरच्या ओळीखाली पेनने रेघ मारून दिली. मी म्हटलेलं तेच, इंग्रजीत. मला इतका आनंद झाला की गाडीत बसल्यावर मी रडले, डोना घाबरली.

हो, दिला ना तो कागद. दिला म्हणजे — द्यायचाच होता. घरी आले तर हे अंगणात बाण मारत होते. मी म्हटलं, रात्री जेवताना काढू. जेवताना वाटलं, का म्हणून मीच पुढे करू? एकदा विचारू दे. एकदा म्हणू दे, सरला, तुला काय वाटतं. एवढंच. मग लगेच काढून देणार होते, तांदळाच्या डब्याखालीच ठेवला होता, हात लांबवला की मिळेल असा.

नाही विचारलं.

तीन वर्षं, निधी. दर जूनला हे कॉम्प्युटर उघडायचे, बघायचे, बंद करायचे आणि म्हणायचे, पुढच्या वर्षी. डोनाने पैज लावली होती, इथल्यांच्या सोडतीत टाकलं असतं तर दुसऱ्या वर्षी नक्की निघालं असतं. शेवटच्या जूनला मी उठले सुद्धा, डबा सरकवला, आणि तेवढ्यात हे म्हणाले, तुला बरंच वाटत असेल. मी डबा परत जागेवर ठेवला. मी म्हटलं, हो, वाटतंय.

मार्चमध्ये गेले. अंगणातच. ठोकळ्यातले बाण उपटत होते, मी खिडकीतून बघत होते, वाटलं वाकलेत. हार्ट. दोन बाण हातात होते, वेनने सोडवले.

शंतनू आला होता तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, तू मारलंस माझ्या माणसाचं मन. तो मान खाली घालून भांडी घासत राहिला. चांगला मुलगा आहे तो. त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं.

काय लिहितेस? अर्जदाराला टॅग का मिळाला नाही, कारण — शंतनूचं लिहिलंस ना? खोड. पेन काय पुढे करतेस मला, मला इंग्रजी लिहिता येत नाही, तूच लिही. आणि चहा राहू दे, ऊठ, अंधार व्हायच्या आत घाट उतर. कारण काय लिहायचं? नाव लिही.

सरला.