तीन इंच

(तेलंगणात नेरडीगोंडा मंडळातल्या एका गावची रैतू वेदिका, म्हणजे सरकारनं शेतकऱ्यांच्या बैठकांसाठी बांधलेला हॉल. उन्हाळ्यातली संध्याकाळ. बायकांच्या व्यायामाच्या वर्गाची वेळ होऊन गेली आहे. बावीस चटया अंथरल्या आहेत आणि हजर एकच बाई. तीही नेमकी तीच, जिच्यापायी बाकीच्या एकवीस आल्या नाहीत. तिच्यासमोर वर्ग घेणारी भाग्यलक्ष्मी, हातात रजिस्टर.)

विमलबाई: खोडून टाका म्हन्तो मी, मॅडम. ते पाच पाच खोडा अन् पयलेसारखं पाच दोन लिवा. झालं, मिटलं.

भाग्यलक्ष्मी: काय मिटलं? यादी मी आधीच ग्रुपवर टाकून बसले. घरोघरी मोबाइल आहे. इथं खोडून आता काय होणार?

विमलबाई: टाकलीच काऊन पन?

भाग्यलक्ष्मी: शाळेची सवय, अक्का. शाळेत पीटी शिकवते ना मी. जूनमध्ये मुलांची उंची-वजन, मार्चमध्ये पुन्हा उंची-वजन. तेच इथं केलं. संक्रांतीला वर्ग सुरू झाला तेव्हा मापं घेतली, चार महिन्यांनी परत घेतली. वजनं बघून मीच हुरळले. सखूबाई सहा किलो उतरल्या! म्हटलं, बघू देत घरच्यांना. आणि घरच्यांनी काय बघितलं? उंचीचा रकाना.

विमलबाई: त्यातबी माहाच.

भाग्यलक्ष्मी: बाकी सगळ्या होत्या तेवढ्याच. आणि शेहेचाळीस वर्षांच्या विमलबाई चार महिन्यांत तीन इंच वाढल्या.

विमलबाई: नागनाथ टपरीवर सांगून राह्यला, त्या वर्गात हाडं वढते म्हनून. तो अन् त्याची बायको पयलेच बराबर. अजून तीन इंच वाढली तं फोटोत मी कसा उभा राहू म्हन्ते.

भाग्यलक्ष्मी: रामाजींचा तर मला फोन आला. मुलीचं लग्न जमवतायत, ती पाच चार आहे. पाच सात झाली तर एवढा मुलगा कुठून आणू म्हणे, कापसाच्या मार्केटात मिळतो का?

विमलबाई: ते पोरगी तं दोनच दिवस आल्ती.

भाग्यलक्ष्मी: भ्यायला दोन दिवस पुरतात. उद्या सकाळी पंचायतीत बैठक आहे. सेक्रेटरी सर मला स्पष्ट म्हणाले, लोकांचं समाधान करा, नाहीतर वेदिकेची चावी परत द्या. चावी गेली की वर्ग गेला, अक्का. दुसरी कुठली जागा आहे या गावात, जिथं बाईनं पदर खोचून पाय वर केला आणि रस्त्यावरून कोणी बघितलं नाही?

विमलबाई: नाई बापा. कुठंच नाई.

भाग्यलक्ष्मी: मला एकच कळत नाही. दोन्ही वेळा भिंत तीच, टेप तोच. टाचा भिंतीला लावल्या, डोक्यावर पट्टी ठेवली. मग चुकले कुठे मी?

विमलबाई: तुमी नाई चुकल्या.

भाग्यलक्ष्मी: मग?

विमलबाई: पयल्या बारीले टाचा भिताडाले होत्या. पन गुडघे वाकवले होते म्या.

भाग्यलक्ष्मी: काय?

विमलबाई: लुगड्यातले गुडघे कोनाले दिसते, मॅडम? थोडे गुडघे, थोडे खांदे. तुमाले फसवाचं नोतं मले. सवयच हाय तशी.

भाग्यलक्ष्मी: किती दिवसांची?

विमलबाई: लग्नापासून. सत्तावीस वर्स.

भाग्यलक्ष्मी: अय्यो!

विमलबाई: आमचे हे पाच तीन. मी पाच पाच. सोयरीक जुळवनाऱ्यानं त्यायच्या घरी सांगतलं, पोरगी पोरापेक्षा बोटभर कमीच हाय. अन् मांडवात माय कानात म्हने, गुडघे ढिले ठेवजो, मान खाली घालजो, एका दिवसाचं काम हाय. मी ठेवले. दुसऱ्या दिवशी सासूनं शेजारनीले बलावून दाखवलं, पाहा व, सून कशी मापाची भेटली! मंग आता सरळ कशी होऊ? ते एक दिवस काई सरलाच नाई.

भाग्यलक्ष्मी: आणि मी स्टाफरूममध्ये कौतुक सांगत होते! एक बाई आहे, पहिल्याच दिवशी पन्नास उठक-बैठका मारल्या, मांड्या बघा म्हटलं लोखंडाच्या.

विमलबाई: सत्तावीस वर्साची प्रॅक्टिस होती, मॅडम.

भाग्यलक्ष्मी: हसवू नका. सासूबाई आहेत अजून?

विमलबाई: त्या जाऊन सात वर्स झाले. तरीबी वाकूनच होती मी. कोनासाठी, ते मलेबी नाई समजत. कापूस येचताना वाकलेली, घरी आली तरी वाकलेली. पाठ रातभर ठनके. आमचे हे दर बाजाराले मलमाची डबी आनत.

भाग्यलक्ष्मी: मग सरळ कधी झालात?

विमलबाई: तुमी ते भिताडाले पाठ टेकवून उभं करता ना, अन् ओकटी, रेंडू, मूडू मोजता. फागुनात एक दिवस तुमी वीस पावतर नेलं. अन् मधातच आंगात हवा गेली. एवढी हवा कधी गेलीच नोती. वाटलं चक्कर येते. आली नाई. लय बरं वाटलं. तवा सखूबाई मले पाहून म्हने, विमल, एवढी मोठी हाय काय व तू? अन् देखनी दिसते! शेहेचाळीस वर्साची झाली, मॅडम, मले देखनी कोनी म्हन्लं नोतं. त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर सरळ चालली. घर आलं तशी वाकली.

भाग्यलक्ष्मी: म्हणजे घरी अजून...

विमलबाई: घरी पाच दोन. इथं पाच पाच.

भाग्यलक्ष्मी: मग हे उद्या सांगून टाका ना, अक्का! वर्गानं कोणी वाढलं नाही, मीच वाकून उभी होते. एका वाक्याचं काम आहे.

विमलबाई: अन् आमचे हे? सगळ्या गावापुढं म्हनू का, नवरा बुटका म्हनून वाकत होती? त्यायनं पयलेच चार दिवसांपासून टपरीवर जानं सोडलं.

भाग्यलक्ष्मी: मग दुसरं काय करणार?

विमलबाई: उद्या सगळ्यायपुढं माहं माप घ्या. मी पाच दोन भरतो. तुमी म्हना, लिवताना चुकी झाली. सगळ्यायचं समाधान.

भाग्यलक्ष्मी: जमेल तुम्हाला? फाल्गुनापासून इथं रोज सरळ उभं राहून?

विमलबाई: पाहून घ्या. आना टेप. हे लावल्या टाचा. अन् हे... मोजा.

भाग्यलक्ष्मी: पाच तीन. जरा अजून.

विमलबाई: हं.

भाग्यलक्ष्मी: पाच दोन. अगदी बरोबर. पाय हलतसुद्धा नाहीत तुमचे.

विमलबाई: तुमीच पक्के केले. आता तं दिवसभर वाकून राहू शकतो.

भाग्यलक्ष्मी: कोणाला कळणार नाही. खरंच नाही कळणार. वर्ग वाचेल, अक्का. मी... लिहू मग?

विमलबाई: लिवा.

भाग्यलक्ष्मी: अक्का? रडताय तुम्ही?

विमलबाई: नाई व माय. हवा पुरून नाई राह्यली.

भाग्यलक्ष्मी: उभ्या राहा बघू सरळ. मी नाही लिहीत. माझ्या वर्गासाठी मी तुम्हालाच वाकवायला निघाले! चावी जाते तर जाऊ दे.

विमलबाई: जाऊ दे कशी? बाकीच्या एकवीस कुठं जातीन? तुमी लिवा म्हन्तो ना.

डोमाजी: (विमलबाईंचा नवरा, दारातून आत येत) काय लिवाचं हाय?

भाग्यलक्ष्मी: या, डोमाजीकाका. काही नाही, असंच... रजिस्टर.

डोमाजी: मोटरची लाइन आली. भेंडीले पानी लावाचं हाय, म्हनून बलावाले आलो. हे काऊन अशी वाकून उभी हाय भिताडाले?

विमलबाई: काई नाई. चाला, येतो.

डोमाजी: उद्यासाठी वाकून राह्यली का?

विमलबाई: उद्यासाठी म्हंजे?

डोमाजी: मले काई समजत नाई का? गोठ्याच्या आड्याले टोपले कोन टांगते?

विमलबाई: मीच टांगतो.

डोमाजी: मी काढाले गेलो का मले स्टूल लागते. ते टोपले काय आपल्या मनानं वर चढले? सत्तावीस वर्स झाले, स्टुलावर चढून टोपले काढून राह्यलो.

विमलबाई: तुमाले मालूम होतं?

डोमाजी: लग्नाच्या पंधरा दिवसातच. तू गोठ्यात एकली होती. सरळ उभी राहून हात वर केला अन् टोपलं टांगलं. मी दारातूनच मागं फिरलो.

विमलबाई: अन् बोलले नाई.

डोमाजी: नाई.

विमलबाई: काऊन?

डोमाजी: बोललो असतो तं तू सरळ झाली असती.

भाग्यलक्ष्मी: मी बाहेर थांबते.

विमलबाई: नोका जाऊ, मॅडम. इथंच राहा. अवो, पाठीनं मी रातभर झोपत नोती. तुमी मलम चोळून देत होते. आपल्या हातानं चोळत होते, अन् तुमाले मालूम होतं पाठ कायनं दुखते?

डोमाजी: होतं.

विमलबाई: मंग चोळताना काईच नाई वाटलं?

डोमाजी: वाटे. म्हनून तं चोळत होतो. पन लाजेपेक्षा मलम सस्तं पडे. आता तू काईबी म्हन.

विमलबाई: काय म्हनू? मले वाटे, मी तुमचं झाकून राह्यली. अन् तुमी माह्यापासूनच लपून राह्यले होते.

डोमाजी: चुकलं.

विमलबाई: एका शब्दात?

डोमाजी: माह्यापाशी एकच हाय. दुसरा असता तं तोबी देल्ला असता.

भाग्यलक्ष्मी: काका, चूक माझीही आहे. ती यादी मी टाकायला नको होती. उद्या बैठकीत मी सांगते, टेप चुकीचा होता. घरात कशाला वाद?

विमलबाई: टेप बराबर होता, मॅडम. त्याले काऊन बदनाम करता? अवो, ऐका. उद्या मी वाकत नाई.

डोमाजी: नोको वाकू.

विमलबाई: घरीबी नाई.

डोमाजी: बरं.

विमलबाई: बरं काय बरं? लोक हासतीन तुमाले.

डोमाजी: हासूनच राह्यले. काल नागनाथ रस्त्यात म्हने, डोमाजी, आता बायकोसंग बोलाले शिडी आन.

विमलबाई: मंग तुमाले लाज नाई वाटत?

डोमाजी: वाटते ना. खोटं काऊन बोलू? रस्त्यानं तू संग चालली तं वाटन. दोन दिवस वाटन, का दोन महिने, ते मले नाई मालूम. पन आता इथं तू भिताडाले अशी वाकून होती, ते पाहून त्याच्यापेक्षा जास्त वाटली.

भाग्यलक्ष्मी: बैठक नऊ वाजता आहे, काका. तुम्ही याल?

डोमाजी: येतो. मीच सांगतो सगळ्यायले. मान्सायची बैठक हाय, मान्सानं सांगतलं तं आयकतीन.

विमलबाई: नोको. शरीर माहं हाय, मी सांगतो. तुमी निस्ते माह्या बाजूनं उभे राहा. स्टुलावर नोका चढू, खुर्चीवर नोका बसू. उभे राहा.

डोमाजी: सगळ्यायपुढं?

विमलबाई: सगळ्यायपुढं. मॅडम, तुमी दोघायचं माप घ्या. जे भरन ते भरन.

भाग्यलक्ष्मी: नक्की, अक्का? एकदा घेतलं की मग मागे नाही फिरता येणार.

विमलबाई: नक्की. रामाजीच्या पोरीलेबी घेऊन या म्हना. तिले दिसू द्या, बाई कितीबी उंच असली तं तिचं काई बिघडत नाई.

डोमाजी: अन् कोनी इचारलं, मंग हे तीन इंच आले कुठून, तं?

विमलबाई: आले नाई म्हन्तो. पयलेपासूनच होते. वापरत नोती.

डोमाजी: अन् माह्यावर इचारलं तं? एवढा बुटका नवरा केलाच कसा म्हनून?

विमलबाई: मले तवा कोनी इचारलंच नाई, बुटका चालते का म्हनून. इचारलं असतं तं चालते म्हन्लं असतं.