हिरव्या कार्डाचं गाव

माझं नाव हौसाबाई. म्हायेर मोडनिंबच्या पल्याड, आन् दिली हितं केमच्या अंगाला, ह्या माळावर. बाप म्हनला, मानसं सरळ हायेत, तुला काय तरास न्हाय. तरास न्हवता, खरं हाय, पर पानी किती लांबनं आनाया लागतं ते कुनी सांगितलं न्हाय. लगीन होऊन आले तवा हिरीत उतरून दगडाच्या बेचक्यातनं वाटीनं पानी उपसायचो, एक घागर भरंस्तवर कंबरंचा काटा ढिला व्हायचा. मालक लवकर गेलं. मूल न्हाय, बाळ न्हाय. राह्यला माझा दीर आन् त्याची बायकू, माझी धाकली जाऊ, शेवंता. जावा-जावा कशा असत्यात तुमाला ठावं हाय की ताई, पर आमचं तसं न्हवतं, तिच्या चुलीवर भाकरी आन् माझ्या चुलीवर कालवन, दोघींचं मिळून एक घर. ती मला अक्का म्हनायची.

मी सातवी शिकलेली, सही येती, म्हनून ग्रामपंचायतीनं पान्याचं काम दिलं. जलसुरक्षक म्हनत्यात त्याला, गावात मातुर मला पान्याची बाई म्हनत्यात. काम काय, तर हिरीत जंतू मारायची पावडर टाकायची. बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी हिरीत वतायची. आन् सांगितलं की पान्याची बाटली भरून तालुक्याला तपासाया धाडायची, कागदावर सही करायची. त्या सहीचं पुढं सांगते तुमाला, तिनंच तर घात केला.

त्याच्या आदी बंधाऱ्याचं सांगते. एका उनाळ्यात गावानं ठरवलं, माळावर चर खनायचं आन् हिरीच्या वरल्या अंगाला वढ्यात दगडाचा बंधारा घालायचा, म्हंजी पानी थांबंल, मुरंल आन् हिरीला उतरंल. कुनी पैसा घ्यायचा न्हाय. तांबडं फुटायला माळावर जायाचं, ऊन चढंस्तवर राबायचं. शेवंताच्या हाताला फोड आलं, फडकी बांधून दगूड वाह्यची, वर मलाच म्हनायची, अक्का, तुमी बसा, तुमची हाडं जुनी झाल्यात. दोनच वर्सांनी ल्हान ती माझ्यापरास. बंधारा झाला. पावसानं साथ दिली आन् संक्रांतीला आटनारी हीर चैतात सुदीक भरल्याली. मानसं नुसती वाकून वाकून बघायची. मी पन बघितलं, रडाया आलं मला.

मग पान्याचं कार्ड यायला लागलं. पानी चांगलं आसलं की तालुक्यावरनं गावाला हिरवं कार्ड देत्यात, वंगाळ निघालं की लाल. आमचं हिरवं. सरपंचानं काच लावून हापिसात टांगलं. आन् एकदा हिरवं टांगलं की मग ते हिरवंच राह्यलं पायजे, न्हाय का? आता आमी काय करायचो ते सांगते, आन् ह्यात माझ्या मनात पाप न्हवतं. बाटली भरायच्या आदल्या दिशी मी हिरीत चांगली दुप्पट पावडर टाकायची. पावनं येनार म्हनलं की आपन घर सारवतो की, तसं. भाऊसायब म्हंजी आमचं ग्रामसेवक, तेच सांगायचं, हौसाबाई, उद्या बाटली हाय बरं का. मला कळायचं. आजूबाजूच्या गावांत बी असंच करत्यात, कुनाला त्यात वावगं वाटत न्हाय. बाकीच्या दिशी पावडर आसली तर टाकायची, नसली तर न्हाय.

पानी आलं तशी माळाला किंमत आली. करमाळ्याच्या एका मानसानं बंधाऱ्याच्या वरची जमीन घेऊन कोंबड्यांची दोन लांबलचक शेडं घातली. गावाला आनंद, कामं मिळाली. शेवंता बी जाऊ लागली, झाडलोटीला. कोंबड्या रोज मरत्यात थोड्याथोड्या, त्या खड्ड्यात पुरायच्या आसत्यात. पर माळ सगळा मुरमाचा, पहार लागत न्हाय. मग मुकादमानं सांगितलं, टाका तितं बंधाऱ्याच्या मागं झुडपात. शीट-घान बी तितंच. आन् पाऊस झाला की सगळं बंधाऱ्यात. काय सांगू तुमाला, आमीच दगूड रचून ठेवला, पानी मुरावं म्हनून. मुरलं. जे वर टाकलं ते मुरून हिरीला आलं.

शेवंतानंच सांगितलं मला. चुलीम्होरं बसल्याली, खाली बघून म्हनली, अक्का, मी सोत्ता टाकून येते, रोज पाटी भरून. माझ्यानं आता त्या हिरीचं पानी पिववत न्हाय, तुमी एकदा पावडर न टाकता तपासा की. घरी तपासायच्या ल्हान बाटल्या मला दिल्याल्या होत्या. पानी भरून एक दीस ठेवायची, काळी पडली की पानी वंगाळ. मी भरली, देवळीत ठेवली. दुसऱ्या दिशी बघते तर तव्याच्या बुडासारखी काळी.

बाटली पदराखाली घेऊन भाऊसायबाकडं गेले. त्यांनी बघितली, दार लोटलं. म्हनले, हौसाबाई, लाल कार्ड आलं तर गावाची अब्रू जाईल, झाकली मूठ सव्वा लाखाची, तुमी उद्या पावडर टाका, परवा बाटली भरा, शेडवाल्याला मी सांगतो समजावून. आन् मी ऐकलं. हितं माझं चुकलं ताई. भ्याले म्हना, गावाच्या नावाचा मोह म्हना. पावडर टाकली, बाटली भरली, सही केली. हिरवं आलं. शेवंतानं इचारलं, काय झालं? मी म्हनलं, चांगलं हाय पानी. ती म्हनली, तुमी म्हनताय म्हंजी आसंल. आन् प्याली.

श्रावनात दोन दीस धो धो पाऊस झाला. पावडर संपल्याली, नवी आली न्हवती. तिसऱ्या दिशी गावात घरटी एक मानूस आजारी, जुलाब, उलट्या. शेवंताला सकाळी लागलं, दुपारपतुर डोळं खोल गेलं. गाडीनं करमाळ्याला नेलं, तितनं म्हनले सोलापूरला न्ह्या. वाटंत तिनं पानी मागितलं. माझ्यापशी घरनं भरून आनल्याली बाटली होती, हिरीच्याच पान्याची. काय करू मी? दिलं की पाजून. सोलापूर यायच्या आदीच गेली ती, माझ्या मांडीवर.

तेरावं झालं आन् गावानं सभा लावली. तालुक्याचं सायब आलं, शेडवाला आला. मानसं म्हनली, शेडं बंद करा, त्यांच्या घानीनं पानी नासलं. शेडवाल्यानं नुसतं कागद म्होरं केलं. तीन वर्साचं कागद, सगळं हिरवं. म्हनला, पानी चांगलं हाय असं तुमचंच गाव लिहून देतंय, खाली सही कुनाची हाय बघा. सायबानं वाचलं, हौसाबाई कोन?

मी उठले. सगळं सांगितलं, आदल्या दिशीची पावडर, काळी बाटली, भाऊसायबाचं बोलनं, समदं. भाऊसायब म्हनले, बाईचं डोकं फिरलंय दुःखानं. सायब म्हनलं, तोंडी काय लिहिता येत न्हाय, काळी बाटली कुटंय? बाटली मी तवाच फेकल्याली. शेवंताचा नवरा, माझा दीर, समोरच बसला होता. तो एवढंच म्हनला, वैनी, तुमाला ठावं हुतं? मी म्हनलं, व्हय. तवापसनं तो माझ्याशी बोलत न्हाय. भिंतीला भिंत हाय आमची.

आता काय. माझं काम गेलं. पुढल्या खेपंला पावडर न टाकता बाटली गेली, लाल कार्ड आलं, पर ते काय कुनी काच लावून टांगलं न्हाय. शेडं चालूच हायेत, कोर्टात नुसत्या तारखा पडत्यात. प्यायला समदी जारचं पानी घेत्यात, हिरीचं ढोरांना. चार बाया येत्यात माझ्यासंगट सोमवारच्या सोमवारी, बंधाऱ्यातली घान फावड्यानं काढतो, वरनं परत येती, परत काढतो. मुकादम हसतो. हसू दे. ल्हान बाटल्या मी तालुक्यावरनं मागून आनते, म्हैन्याला एक भरते, तारीख टाकते, फेकत न्हाय. त्या बघा देवळीत, सगळ्या काळ्या.

पितरांच्या म्हाळाला दिरानं शेवंताचं पान वाढलं, भिंतीच्या फटीतनं दिसलं मला. पानाम्होरं तांब्या ठेवला, जारचं पानी वतून. ज्या हिरीसाठनं तिनं हात फोडून घेतलं त्या हिरीचं पानी तिच्या पानाम्होरं ठेवायची सोय राह्यली न्हाय. एक बाटली जरी निवळ निघाली ना ताई, तर तांब्या भरून मी सोत्ता न्हेनार हाय त्याच्या दारात. मग बोलू दे, नको बोलू दे. तुमी पानी पिवा, उन्हाचं आलाय. जारचं हाय, भिऊ नका.