फळ्यासमोरची सहल

व्हिसा कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे परदेशातल्या शाळेत शिकवायला निघालेल्या गणिताच्या एक बाई आणि त्यांचे यजमान उभे होते.

“अगं, टुरिस्ट व्हिसा काढ. वर्क परमिटची कटकट हवीय कशाला?”

“आणि शाळेत तपासणीला कोणी आलं तर?”

“सांग, सहलीला आलेय.”

“हातात खडू घेऊन? अहो, मुलांना कॉपी करू नका म्हणायचं आणि आपण चोरून शिकवायचं?”

“पण टुरिस्ट व्हिसा लवकर संपतो.”

“तेच तर म्हणतेय मी!”

“मीही तेच म्हणतोय. संपला की परत येशील.”

“अहो... परमिटवर नवऱ्यालाही सोबत नेता येतं.”

“मग इतका वेळ तोंडात काय गुळणी धरली होतीस? सरक पुढे, नंबर जाईल आपला!”