दार बायांच्या बाजूले

(जवाहरनगर, १९८२. कारखान्यातले ड्राफ्ट्समन केशवराव यांच्या क्वार्टरचा व्हरांडा, रविवार सकाळ. मोहाडीच्या ज्या नाटकमंडळीत थोरला भाऊ यादोराव नट आहे, तिथंच पडदा ओढणारा सुखराम सायकलच्या कॅरिअरवरून ड्रॉइंग बोर्ड सोडतो आहे.)

सुखराम : नाही जी साहेब, तुमी ठेवूनच घ्या. बोर्ड, टी-स्क्वेअर, सारं आहे. पेन्सिल तेवढी झिजली.

केशवराव : स्पर्धेत नंबर आला नाही, एवढ्यावरून? दोन वर्षं दर रविवारी सायकल हाणत आलास. माझ्या अप्रेंटिस पोरांपेक्षा तुझी रेघ स्वच्छ आहे.

सुखराम : नंबराचं कोणाले पडलं आहे जी? दादा पडला.

केशवराव : यादोराव? कुठं?

सुखराम : नागपुरात. स्टेजवर. भरल्या हॉलासमोर.

केशवराव : लागलं का फार?

सुखराम : आंगाले नाही लागलं.

केशवराव : बस आधी. अगं विमल, चहा टाक. हं, काय झालं ते सांग.

सुखराम : तुमाले तं मालूमच आहे, मी कायले शिकाले आलो ते. दादाचा मोतीबिंदू पिकला, ऑपरेशनाले भेते. स्टेजवर पावलं मोजून चालते. खाटेपासून दारापर्यंत नऊ पावलं. पण दर गावाचं स्टेज अलग. कुठं आठच पावलात दार लागे, कुठं अकरा. म्हणून म्हटलं, मापाचा कागद शिकाव. कागद एक, तं स्टेज एक.

केशवराव : आणि झालंही तसंच. चार गावांत नऊ म्हणजे नऊ भरली.

सुखराम : तिथं आमच्या हातानं बांधलं होतं जी. नागपुरात वेळच नाही. एक नाटक उतरलं का दुसरं चढलं. हॉलच्या मानसायनं कागद पाहून सेट लावला, बत्त्या लावल्या. मले म्हणाले, नकाशा तुमचा आहे, तुमी समोर बसून पाहा. बावीस साल झाले साहेब, मी पयल्यांदा समोर बसलो.

केशवराव : मग?

सुखराम : बाकीचे नट डोळेवाले. त्यायनं सावरून घेतलं. दादा तं पडदा उघडला तवापासून खाटेवर. नाटकात शेवटी पोराची हाक ऐकून बुढा बाप उठते, दारात जाते, तिथं त्याच्यावर बत्ती पडते, आन तो मरते. दादा उठला. बराबर नऊ पावलं चालला. भितीवर गेला. कापडाची भित, ते घेऊन खालतं पडला. बत्ती तिकडं दुसऱ्या अंगाले, रिकाम्या दारावर. लोक हासले जी. पोट धरून हासले.

केशवराव : पण माप मी तपासलं होतं. कागद दाखव. खाट मधोमध. दार तीन फूट. दिवे बरोबर. दार उजवीकडे.

सुखराम : उजव्या हातालेच असते. मी दोरीजवळ उभा राहतो, तिथून...

केशवराव : मागून?

सुखराम : हो जी. मांगून.

केशवराव : अरे, कागदावर प्रेक्षक खालच्या बाजूला काढले आहेस तू.

सुखराम : तुमीच सांगतलं, लोक खालतं. मी लोक खालतं घेतले. आन दार माह्या उजव्या हाताले.

केशवराव : मागून उजवं ते समोरून डावं. सगळं उलटं झालं, सुखराम. समोर बसलास तेव्हा तरी दिसलं नाही?

सुखराम : दिसलं ना. दार उजव्या हातालेच होतं. मी म्हटलं, वा! काय बराबर लावलं!

केशवराव : चूक माझी आहे. मी यंत्राचे भाग काढतो. त्यांच्यासमोर कोणी बसलेलं नसतं. तुमची मंडळी दरवर्षी पास आणून द्यायची, एकदाही आलो नाही मी.

विमलाबाई : चहा घे, सुखराम. मले दिसलं होतं ते.

केशवराव : काय दिसलं होतं?

विमलाबाई : हा कागद. टेबलावर होता तवा. मी दर साल दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले माहेरी मोहाडीत नाटक पाहतो. तिथं बाया डाव्या अंगाले, मानसं उजव्या. नाटकातलं दार बायांच्या बाजूले राहते. यादोराव आमच्याकडंच येऊन मरते, आमी साऱ्या बाया रडतो. कागदावर तं दार मानसायच्या बाजूले होतं.

केशवराव : मग बोलली का नाहीस?

विमलाबाई : तुमच्या कागदावर मी बोलू? मले वाटलं, कारखान्याची पद्धत असंल.

केशवराव : हे बघ सुखराम, एक बाण काढायचा, त्यावर लिहायचं 'प्रेक्षक', आणि बाजू बदलून घ्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे. मी येतो पुढच्या मंडईला. समोर बसतो.

सुखराम : मंडळीनं सेट लावाले नागपूरचा मानूस बोलावला. आन दादा स्टेजवर चढाले नाही म्हणते. मले शिवी देल्ली असती तं बरं होतं. म्हणते, सुख्या, तू तं माह्यासाठीच शिकला होता न.

विमलाबाई : घरात फिरते न पण यादोराव?

सुखराम : फिरते. घरातबी खाटेपासून दार नऊच पावलं आहे, तेच माप मी नाटकात घेतलं होतं. साऱ्या जिंदगीत दादा त्या दारातून धाडधाड गेला. आता आठव्या पावलावर थांबते, हात समोर धरते. मी म्हणतो, दादा, दार उघडंच आहे. तरी हात खाली घेत नाही.