एकाच वाटेच्या दोन स्कूटर

उद्यापासून पेट्रोल महागणार म्हणून पंपावरची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. माझ्या पुढे दोन स्कूटर होत्या. त्यांवरच्या दोघी बहिणी आहेत, हे त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"ताई, हॉर्न वाजवून रांग पळत नाही. इंजिन तरी बंद कर, उगाच पेट्रोल जाळतेस."

"चार महिन्यांनी तोंड उघडलंस, ते हे सांगायला?"

"सगळ्यांनी थोडं थोडं कमी जाळलं, तर मागणी घटेल आणि भाव खाली येईल."

"मग तू कशाला रांगेत उभी आहेस?"

"मला रोज लांब जावं लागतं."

"मला नाही लागत? वृद्धाश्रमात आईकडे रोज मीच जाते. दुसरं आहे कोण?"

"सहाला जातेस आणि सातला निघतेस."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी कोपऱ्यावर थांबलेली असते. तू गेलीस की आत जाते."

"रोज?"

"रोज."

"तिची नखं कापलेली दिसायची. मला वाटायचं, नर्स कापते."

"नर्सला ती हात कुठे लावू देते?"

"आणि मला एका शब्दाने बोलली नाही!"

"मीच बजावलं होतं. तू चिडली असतीस."

"चिडलेच आहे."

"ताई, रांग सरकली. पुढे घे."

"राहू दे. माझ्या टाकीत आजच्यापुरतं आहे. तुझी स्कूटर तिकडे कडेला लाव आणि माझ्या मागे बस. सहा वाजत आले."

"दोघींना एकदम बघून आई विचारेल. काय सांगायचं?"

"पेट्रोल फार महागलंय म्हणून सांगू."